गजावरची पांढरी रेघ

ही घटना खरी आहे.

मी विमा कंपनीत दावे तपासते. कुणी ‘अगदी खरं सांगतो’ म्हणालं की मी आधी खाडाखोड शोधते, त्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा तुमचा विश्वास बसला नाही, तर मला राग येणार नाही.

पण हे घडलं. गेल्या फेब्रुवारीतला तिसरा रविवार, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन होतं. जागा, माझ्या काकांच्या घरातली मागची खोली.

काका तंत्रशाळेत धातुकाम शिकवायचे. त्यांना नाद एकच, चकमकीच्या बंदुकांचा. घोड्याच्या जबड्यात गारेचा, म्हणजे गारगोटीचा, तुकडा, चाप ओढला की ठिणगी, आणि बार. भिंतीवर अकरा होत्या. सहा खरोखर जुन्या, पाच त्यांच्याबरहुकूम नव्या घडवलेल्या. शिवाय दारूची शिंगं, शिशाच्या गोळ्या ओतायचे साचे, छोटे ब्रश, सुया. मूलबाळ नव्हतं. काकू त्या बंदुकांना ‘माझ्या अकरा सवती’ म्हणायची आणि दर रविवारी त्याच सवतींच्या तेलपाण्याला हजर असायची.

त्या घरात एक नियम होता.

आधी नळीत गज सोडायचा. प्रत्येक गजावर एक पांढरी रेघ. रेघ नळीच्या तोंडाशी टेकली, तर नळी रिकामी. रेघ वर राहिली, तर आत काहीतरी आहे. काका रेघ बघून म्हणायचे, “रिकामी.” काकू स्वयंपाकघराच्या दारातून नजर टाकून म्हणायची, “रिकामी.” दोघांनी म्हटल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. चाळीस वर्षांत काकांनी हा नियम एकदाही मोडला नाही.

तीन वर्षांपूर्वी काकू गेली.

त्यानंतर मी अधूनमधून रविवारी जायचे. अधूनमधून म्हणजे... खरं सांगायचं तर वर्षातून तीन-चारदा. मीही एकटीच राहते. एकट्या माणसाकडे जाऊन आणखी एकटं कशाला व्हायचं, असं वाटायचं. आता त्याची लाज वाटते.

काका गज सोडायचे. “रिकामी,” म्हणायचे. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून थांबायचे... आणि मगच हात लावायचे.

“काका, कुणासाठी थांबता?”

“उत्तरासाठी.”

“येतं?”

“तुला ऐकू येत नसेल, तर गप चहा पी.”

मी हसले होते. म्हातारपण, दुसरं काय.

जानेवारीत काका गेले. खुर्चीत, झोपेत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. गाडी मंगळवारी येणार होती. धूळ खाल्लेल्या बंदुका पाठवायला मला बरं वाटेना, म्हणून रविवारी मी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन बसले.

पहिलीत गज सोडला. रेघ तोंडाशी. थोडी गंमत म्हणून, थोडं काकांसाठी, मी म्हटलं, “रिकामी.”

घरात कसलाच आवाज नव्हता. फ्रिजसुद्धा मीच बंद केला होता.

आणि मग...

“रिकामी.”

काकूचा आवाज. शब्दाच्या शेवटी तिला किंचित दम लागायचा. तोसुद्धा होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. ओटा कोरडा. मागच्या दाराला आतून कडी.

कुणीही नव्हतं.

तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण मी परत येऊन बसले. का, ते सांगते, हसू नका. माझ्या घरी मी काही बोलले, तर कुणी उत्तर देत नाही.

दुसरी. “रिकामी.”

...“रिकामी.”

तिसरी. चौथी. सातव्या बंदुकीपर्यंत माझे डोळे वाहत होते. भीतीनं नाही.

आठवं एक पिस्तूल होतं. काकांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं. गज सोडला. रेघ अगदी बरोबर तोंडाशी.

“रिकामी.”

...

“रिकामी,” मी पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं.

काही नाही.

“काकू?”

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली... कुणीतरी घाईनं उठल्यासारखी.

माझं बोट घोड्यापासून तिळभर लांब होतं. ते मी मागे घेतलं.

गज उजेडात नेला. खाडाखोड ओळखणं हा माझा धंदाच आहे. पांढऱ्या रेघेच्या दोन बोटं वर आणखी एक रेघ होती. खरवडून काढलेली.

खालची रेघ नवी होती.

सोमवारी बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री आला. त्यानं नळीतून शिशाची गोळी काढली. गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी काढली. दारू कागदावर ओतली.

“दारू जुनी नाही, बाई. वर्षही झालं नसेल. गारही नवी बसवलीये. घोड्याला हात लागला असता, तर अवघड होतं. कुणी भरली?”

“काय माहीत,” मी म्हटलं.

खोटं बोलले. चिंधीवर निळी फुलं होती. काकूच्या गाऊनची.

बायको गेलेल्या, घरात एकट्या माणसानं पिस्तूल भरलं. कुणासाठी, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण नियम मोडणं काकांच्या रक्तात नव्हतं. दोघांनी ‘रिकामी’ म्हटल्याशिवाय बोट लावायचं नाही. म्हणून त्यांनी रेघ खाली आणली.

काकूला फसवायला.

किती रविवार ते या पिस्तुलापुढे ‘रिकामी’ म्हणून थांबले असतील?

काकू फसली नाही. काका झोपेत गेले.

आणि त्या सगळ्या रविवारी मी कुठे होते? माझ्या घरीच.

मंगळवारी गाडी आली, सगळं गेलं. तो एक गज तेवढा मी ठेवून घेतला.

आज रविवार आहे. मघाशी चार वाजता कपाट आवरताना गज हाती लागला, आणि का कोण जाणे, माझी मान माझ्या स्वयंपाकघराकडे वळली. या घरात मी अकरा वर्षं एकटी राहते.

हळूच म्हटलं, “घर रिकामं आहे.”

थांबले...

उत्तर आलं नाही.

काकू उत्तर केव्हा देत नाही, ते तुम्हाला सांगून झालं आहे.

चहाची वेळ केव्हाच टळून गेली. स्वयंपाकघरात जायला मी अजून उठलेले नाही.