येऊ दे, येऊ दे

गाडी बघायला जायचं म्हणजे तसं आनंदाचं काम. पण त्या सकाळी बाबांनी नुसत्या चपला घालायलाच इतका वेळ लावला की आत्या दारातून ओरडली, "अरे थोरल्या, गाडी बघायला निघालोय आपण, गाडीला मुलगी द्यायला नाही!"

भिंगरी खुदकन हसली. एका जागी कधी बसायची नाही म्हणून लहानपणी आत्यानेच तिला भिंगरी केलं होतं, आणि दूरदेशी शिकून परत आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. येताना ती एक स्वप्न घेऊन आली होती. दुरुस्तीची गाडी. मागच्या हौद्यात कामाचं टेबल आणि हत्यारं ठेवायची, डोंगरावरच्या वस्त्यांमधून हिंडायचं आणि बंद पडलेले पंप, शिलाई मशिनं, मिक्सर, व्हीलचेअर, जे समोर येईल ते पुन्हा चालतं करून द्यायचं. "टाकून द्यावं असं जगात काही नसतं," हे ती इतक्या पोटतिडकीने सांगायची की आत्याने आपला मोडका पंखा कपाटाआड लपवून ठेवला होता. न जाणो, चालू झाला तर नवा घ्यायचं निमित्त जायचं.

खरं तर तिला विजेवर चालणारी गाडी हवी होती. पण डोंगरावर वीजच पाहुण्यासारखी, आली तर आली. तेव्हा मन मारून ती डिझेलच्या पिकअपला तयार झाली. मात्र आणखी माघार नाही: गाडी घ्यायची ती जुनीच. धडधाकट जुन्या गाड्या उभ्या उभ्या गंजत असताना नवी घ्यायची म्हणजे तिच्या मते पापच. बाबांचं म्हणणं उलटं. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचा घाम, दुसऱ्याच्या सवयी. नवीत कोणी बसलेलं नसतं.

पण घोडं अडलं होतं ते निराळ्याच ठिकाणी. गाडी चालवणार कोण? भिंगरीला चालवता येत होती ती सपाट, रुंद रस्त्यांवर. डोंगराची वाट फक्त बाबांच्या हाताला ठाऊक. आणि बाबांनी स्टिअरिंग सोडलं होतं.

बाबा आणि त्यांचा धाकटा, म्हणजे काका, दोघं भाऊ, लोकांची घरं हलवायचं काम करायचे. बाबा गाडीवर, काका हौद्यात सामान धरून उभा. गाडी मागे घेताना बाबा कशाकडेच बघायचे नाहीत. काका पत्र्यावर हात मारायचा. दोनदा मारला की 'येऊ दे, येऊ दे'. एकदा मारला की 'बास'. त्याच्या बोटात जाडजूड अंगठी होती, त्यामुळे त्याचा हात कधी नुसता वाजलाच नाही. आधी तळवा, मग अंगठी. ठप-ठण्ण. कपाट असो की पियानो, काकाच्या हातावर भरवसा ठेवून बाबांनी बोळाबोळांत गाडी मागे घातली आणि कधी कुणाच्या भिंतीचा रंगही खरवडला नाही.

मग काका तापाने गेला. बाबांनी गाडी विकली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. कुणी फारच विचारलं तर म्हणायचे, "पुढे नेईन हो. मागे कोण नेणार?"

त्या खुर्चीतून बाबांना उठवायचं, ही भिंगरीने मनोमन हाती घेतलेली पहिली दुरुस्ती होती. पंप आणि मशिनं त्यानंतर.

जुनी गाडी गॅरेजच्या आवारात उभी होती. रंग मोहरीसारखा, टायर बरे, आणि पत्रा पोचे पडून पडून सुरकुतलेला. गॅरेजवाला हात पुसत पुढे आला.

"एकाच मालकाच्या हातची आहे, साहेब. मालकही कसा, देवमाणूस!"

"आता कुठे असतो?" आत्याने विचारलं.

"देवाकडेच."

आत्याने गाडीला हात लावला होता तो झटकन काढला.

"छे छे, गाडीत नाही गेला! घरी, झोपेत, सुखाने. तुम्ही चालवून तर बघा."

तिघं चढली. आत्या मध्ये बसली की गिअर टाकताना आधी तिची परवानगी काढावी लागे. बाबांनी किल्ली फिरवली, इंजिन एकदा खोकलं आणि मग चांगलं सुरात लागलं. भिंगरीने चोरून पाहिलं. बाबांच्या गालावर थोडा रंग चढला होता. घाट लागला तसा त्यांचा हात सैल झाला, वळणं आपणहून यायला लागली आणि आत्या गाणंसुद्धा गुणगुणायला लागली.

वरच्या अंगाला धुकं होतं. भर दुपारी, पण असं दाट की समोरचं झाड जवळ गेल्याशिवाय झाड वाटेना. पुढे रस्ता बंद निघाला. परतायचं तर गाडी मागे घेऊन वळवायची. बाबांनी रिव्हर्स टाकला आणि थांबले. केबिनमध्ये डिझेलचा वास, ओल्या पोत्यांचा वास, आणि इंजिनाची घरघर. बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब.

"मी उतरून बघते," भिंगरी म्हणाली.

"बस. जमेल." त्यांनी क्लच सोडला. गाडी मागे सरकली. थोडी… आणखी थोडी…

थप्प.

मागून कुणीतरी पत्र्यावर हात मारला होता. एकदाच. जड, दमलेला, रुंद हात. बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"हा…" आत्या कुजबुजली, "हा धाकट्याचा नव्हे."

भिंगरी उतरून मागे गेली. हौदा रिकामा होता. त्यातल्या धुळीवर बोटाचाही ठसा नव्हता. मागच्या चाकाला लागून गवत वाढलं होतं, आणि ते बाजूला सारताच खाली फुटक्या मोरीचं उघडं तोंड दिसलं. आणखी जरासं मागे आलं असतं तर चाक आत जाणार होतं.

गॅरेजवर परतल्यावर बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि सरळच विचारलं, "मालकाबरोबर मागे कोण असायचं?"

गॅरेजवाला तेच बोट पुन्हा पुन्हा पुसत राहिला. "होता एक. मुका होता बिचारा. जे काय बोलायचं ते पत्र्यावर हात मारून. मालक गेला, त्यानंतर दिसला नाही तो कुणाला."

"नवीच घेऊ," बाबा म्हणाले. आणि घरी आल्यावर पुन्हा खुर्ची.

भिंगरीचा जीव तुटला. तत्त्व गेलं खड्ड्यात, असं म्हणत दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच बाबांना उठवलं आणि नव्या गाड्यांच्या दुकानात नेलं.

तिथली पिकअप पांढरीशुभ्र होती. सीटवर अजून प्लास्टिक, आत नव्या वहीसारखा वास. विकणारी मुलगी चुरूचुरू बोलत होती. मागे बघायला कॅमेरा आहे, समोर पडद्यावर सगळं दिसतं, काही जवळ आलं की गाडी स्वतः ओरडते.

"म्हणजे आमच्या धाकट्याची सोय कंपनीनेच केली की," आत्या म्हणाली.

दुकानामागच्या अंगणात बाबांनी रिव्हर्स टाकला. पडद्यावर रिकामं अंगण, दोन खांब, लांबवर भिंत. गाडी टूं टूं करायला लागली. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग त्यांचा एक हात दाराच्या खिटीकडे गेला. आता ते उतरणार, आणि मग पुन्हा कधीच चढणार नाहीत, हे भिंगरीला स्पष्ट दिसलं.

ठप-ठण्ण, ठप-ठण्ण.

पडद्यावर अंगण तसंच रिकामं होतं.

आत्याने दोन्ही हात तोंडावर दाबले. बाबांची पाठ ताठ झाली, हात स्टिअरिंगवर परतला, आणि पडद्याकडे न बघता त्यांनी गाडी मागे सोडली. ठप-ठण्ण, ठप-ठण्ण. दोन खांबांच्या मधून, ओळंबा लावल्यासारखी सरळ. ठप-ठण्ण. बास. गाडी भिंतीपाशी अलगद उभी राहिली.

"वा काका, काय सफाई!" बाहेरून त्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते, की रडत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत्या मागे वळून रिकाम्या हौद्याला रागे भरली, "मेल्या, इतके दिवस कुठे उलथला होतास?" आणि जीभ चावून म्हणाली, "अगंबाई, मेलाच आहे की तो."

घरी येताना तिघंही लग्नघरातून परतल्यासारखी बडबडत होती. भिंगरीच्या शिक्षणात हे कुठेच बसत नव्हतं. पण बाबा शीळ घालत होते, आणि शीळ घालणारे बाबा कुठल्याही शिक्षणापेक्षा मोठे होते.

"तो गाडीत नाही, माझ्यामागे आहे," बाबा म्हणाले. "मग गाडी कुठली का असेना. तुझी ती जुनीच घे, भिंगरे."

"आणि तो मुका?"

"धाकटा बघून घेईल त्याला."

"पत्ते कुटत बसतील दोघं," आत्या म्हणाली. "गुलाम चोरायला धाकट्याला गिऱ्हाईकच हवं होतं."

मोहरी रंगाची गाडी घरी आली. हौद्यात टेबल बसलं, हत्यारं लागली. पुढचे दिवस असे गेले की सांगायला बसावं तर रात्र पुरायची नाही. कुणाचं शिलाई मशिन, कुणाचा पंप, एका म्हातारबुवांचा तर चावीचा बेडूकसुद्धा भिंगरीने उड्या मारता केला. आत्याचा पंखा सापडला आणि चालूही झाला. आत्या आठवडाभर रुसली. बाबा पुन्हा जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. कसल्याही बोळात गाडी घालायचे, आणि मागून हात यायचाच. ठप-ठण्ण, ठप-ठण्ण. मुक्याचा हात पुन्हा कधी वाजला नाही. भिंगरीला त्याची आठवणही राहिली नाही.

मग एकदा ती तिघं सगळ्यात वरच्या वस्तीवर गेली. काम आटपून निघाली तेव्हा ऊन होतं. पहिल्या वळणापर्यंत धुकं आलं. वाटेत झाड आडवं पडलं होतं. वळून दुसऱ्या वाटेने जायला हवं होतं. बाबांनी शीळ न मोडता रिव्हर्स टाकला.

ठप-ठण्ण, ठप-ठण्ण. येऊ दे, येऊ दे.

गाडी मागे जाऊ लागली.

थप्प.

शीळ थांबली. गाडीही थांबली.

"थोरल्या… हा तो मुका," आत्या हळूच म्हणाली. "थांब म्हणतोय तो."

ठप-ठण्ण, ठप-ठण्ण.

"धाकटा ये म्हणतोय ना," बाबा म्हणाले. "त्याचा हात कधी चुकलाय का, आक्का?" आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

थप्प! थप्प! थप्प! सगळी केबिन हादरली. मागची हत्यारं खणखणली. आत्याने बाबांचं मनगट धरलं, बाबांनी पुन्हा ब्रेक दाबला, आणि भिंगरीने दार उघडून खाली उडी मारली. गाडीला हात लावत ती मागे गेली. तळव्याखाली पत्रा थरथरत होता, एखादं जनावर घाबरल्यावर थरथरतं तसा. मागचं चाक दिसलं. चाकाच्या मागे रस्ता नव्हता. धुकंच होतं, वरपासून खालपर्यंत. तिच्या पायाने एक दगड निसटला. तो पडल्याचा आवाज तिने ऐकायचा प्रयत्न केला. आलाच नाही.

"बाबा…" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "पुढे घ्या… हळूच. मागे काहीच नाहीये."

गाडी तसूतसूने पुढे आली आणि उभी राहिली. भिंगरी आत चढली, दार ओढून घेतलं. भिंगरीला वाटलं, आता बाबा खचणार. पण बाबा समोरच्या काचेतून धुक्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक ओशाळवाणं, मायेचं हसू होतं. लहान भावाची खोडी पकडल्यावर यावं तसं.

"त्याला एकट्याला कधी करमलंच नाही गं," ते म्हणाले.

"चल, थोरल्या," आत्या त्यांची बाही घट्ट धरून म्हणाली. "पुढे चल. आधी पुढे चल."

बाबांनी मान हलवली. पहिला गिअर टाकला. आणि मागून पुन्हा हात आला. आता तो पत्र्यावर नव्हता. बाबांच्या डोक्यामागे केबिनची लहानशी काच होती, तिच्यावर. अगदी हलका, लाडीगोडी लावल्यासारखा.

टप-टिण्ण, टप-टिण्ण.