तिटेचं बोट

फक्रुद्दीन थापा मारणारा माणूस नव्हता रे, एवढं आधी ध्यानात घ्या. आमच्या शेजारच्या गल्लीतला, कोल्हापुरातच एका खाजगी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. २००४ साल, दिवाळीनंतरच्या अमावास्येची रात्र. सिस्टरनं त्याला वरच्या मजल्यावर, बाळांच्या बंद केलेल्या खोलीतून बर्फाची पेटी आणायला पाठवलं. काम साधंच, पण त्याला जिवावर आलं.

त्या खोलीत श्रावणात तीन बाळं दगावली होती. एकापाठोपाठ एक, तापानं. तिथली आया हिराबाई, शिरोळची. बाळ पुसून घेतलं की गालावर काजळाची तीट लावायची, आपल्याच डबीतली, आपल्याच बोटानं. तिला नातवंड नव्हतं, ही सगळी तिचीच. बाळं गेली तेव्हा तिला आवरता आवरेना.

ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. पण रोगाचं मूळ शोधणं भाग होतं. बाळांच्या आणि त्यांच्या आईच्या घशातले नमुने, खोलीतल्या वस्तू पुसलेले बोळे, सगळं बर्फात घालून फक्रुद्दीननंच पुण्याला पोचवलं. तिथं विषाणूची जनुकं तपासून कुणाचा कुठून आला ते काढतात. तिन्ही बाळांत एकच विषाणू निघाला, आणि तोच हिराबाईच्या डबीत. पहिल्या बाळाला तो आईकडून आला होता, पुढच्या दोघांना तिटेतून.

डॉक्टर तिला रागावले नाहीत. तेच तिला सोसलं नाही. घरी गेली, अन्न सोडलं, नवरात्राआधीच संपली. जीव लावणाऱ्या बोटानंच घात केला, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर फक्रुद्दीननं कुलूप काढलं. दिवा लागेना. आत... नळ चालू. बारीक धार. कुणीतरी हात चोळत होतं. चोळतच होतं.

"कोण हाय?"

नुसतं पाणी... मग दमलेला आवाज.

"फक्रू... काळं जाईना रं अजून."

त्याला पळावंसं वाटलं. पण ते नमुने त्यानंच नेले होते. तो तसाच उभा राहिला.

"मावशी, तुम्हास्नी काय ठावं हुतं? कुणालाच न्हवतं. बास करा की आता..."

धार थांबली.

त्यानं काडी ओढली. खोलीत कुणी नाही. बेसिन कोरडं ठणठणीत. खोली बंद केली तेव्हाच तिथलं पाणी तोडलेलं.

साबण मात्र ओला होता. त्याच्यावर अजून फेस होता.