तव्यासमोरचं आकाश

“मीठ कापून मिळेल का?”

आबांची फुंकणी तोंडापाशीच थांबली. मी अंकगणितातून मान वर केली. जळगावातल्या आमच्या सोनाराच्या दुकानाच्या दारात कोट घातलेला एक मुलगा, हातात सैंधवाचा खडा... आरपार दिसणारा, अगदी बर्फासारखा!

“भाऊ, आठे सोनं कापतस,” आबा हसले. “मीठ नई.”

“आमच्या धुळ्याचे सोनारही असेच हसले,” तो म्हणाला. “याची चकती एका डब्याच्या तोंडाला बसवायचीय.” लोटन पाटील त्याचं नाव; माझ्यासारखाच मॅट्रिकला.

“मग काचेची चकती घ्या की!” मी म्हटलं.

“तापलेल्या तव्यातून न दिसणारे किरण निघतात. काच ते अडवते, हे मीठ सोडतं.” त्याचे डोळे चमकले. “तवा म्हणजे आपली तापलेली जमीन, डबा म्हणजे आकाश. रात्री जमिनीतून निघणारी उष्णता हवेतला कोणता वायू धरून ठेवतो, ते बघायचंय. मास्तर म्हणतात, करून दाखव, नाहीतर पुन्हा बोलू नकोस... आणि खडा हा एकच. मामांनी कराचीहून आणलेला.”

“मी कापते!”

आबांनी भुवया उंचावल्या, पण करवत दिली.

चकती कापली — काय सुरेख! आणि मग सोन्याला झिलई देताना लावतात ते रिठ्याचं पाणी, हाताच्या सवयीनं, तिलाही लावलं. बघता बघता ती माझ्या बोटांत विरघळली.

मला रडूच फुटलं. लोटननं उरलेला अर्धा खडा हळूच माझ्यापुढे सरकवला.

“पुन्हा... माझ्याकडेच?”

“तुम्ही आता पाणी लावणार नाही, एवढं नक्की. दुसऱ्या सोनाराचं काय सांगावं?”

दुपार कलेपर्यंत कोरड्या मलमलीवर घासत बसले. चकती डब्याच्या तोंडाला लाखेनं बसवली, समोर तापलेला तवा. आत साधी हवा होती तेव्हा डब्यात खोचलेल्या थर्मामीटरचा पारा थोडा चढून थांबला; तिथं लोटननं रेघ मारली. मग डबा निववून त्यात सोड्यावर लिंबू पिळून निघालेला कर्बवायू भरला, तवा पुन्हा तेवढाच तापवला. दोघं वाकून बघत होतो. पारा रेघेशी आला... थांबला... आणि पुढे सरकला!

“धरली की हो तुमच्या आकाशानं उष्णता!” मी टाळ्या पिटल्या.

तो हसला नाही. डब्याकडे बघत राहिला.

“म्हणजे... आता जळगावला यायला मला काही काम उरलं नाही.”

माझे कान तापले — तवा तर निवत चालला होता.

“मग बिनकामाचे या ना,” मी म्हटलं.