सागवानी दार आणि नानांचा सौदा

धुळ्याहून अमळनेरला निघालेल्या शनिवार दुपारच्या एस.टी.त एक दार चढलं.

खरंच दार — जुनं, सागवानी, पितळी कडीचं. त्याच्यामागून घामाघूम झालेला एक माणूस चढला. कंडक्टरनं कपाळाला हात लावला.

"हाई काय शे भो?"

"दार."

"ते दिसस माले. घर कोठे शे?"

"घर अजून नाही. दार स्वस्तात मिळालं, म्हणून आधी दार."

अख्खी बस हसली. टपावर केळीच्या घडांनी जागा ठेवली नव्हती. शेवटी दार माझ्या सीटला टेकून उभं राहिलं. अलीकडे मी, पलीकडे तो… आणि मधे कुलपाचं तेवढं भोक.

"बाई, थोडं टेकवू का? दार म्हणतोय मी."

"टेकवा. पण माझ्या अंगावर पडलं तर?"

"नवलनगरपर्यंत मी धरतो. पुढचं देवाच्या हाती."

"आणि मी शाळेतली बाई आहे, हे कसं कळलं?"

"मांडीवर वह्यांचा गठ्ठा आहे. शिवाय या भोकातून एक डोळा दिसतोय — तो फार रागीट आहे."

मी तो डोळा झटकन दुसरीकडे वळवला. पण ओठांवरचं हसू त्या भोकातून दिसत नव्हतं, हे बरं झालं.

त्याचं नाव वना. अमळनेरला तेलाच्या गिरणीत फिटर. मी मंदा, धुळ्याला मावशीकडे राहून शाळेत शिकवायची आणि शनिवारी घरी यायची. त्र्याहत्तर साल होतं ते. भाव असे चढत होते की सकाळची किंमत संध्याकाळी ओळखू येऊ नये.

"पैसे साठवून जागा घ्यायची म्हटलं," तो सांगत होता, "तर मी एक पाऊल टाकतो, जागा दोन पावलं पुढे सरकते. म्हणून ठरवलं, जे हाताला लागेल ते घेऊन ठेवावं. दारं काही पळत नाहीत."

पुढच्या शनिवारी तो अमळनेरच्या स्टँडवर उभा होता. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. "सहज आलो होतो," म्हणाला. मग दर शनिवारी तो सहजच यायला लागला… आणि मीही खिडकीची जागा सहजच धरायला लागले.

एकदा पुडी नव्हती.

"दार विकलं," तो म्हणाला. "धाकट्या भावाची कॉलेजची फी भरायची होती."

"मग दारं पळत नाहीत, असं कोण म्हणालं होतं?"

"तो वना वेगळा. शेंगा खाऊन बोलायचा." तो हसला. पण नजर जमिनीवर होती, आणि मला त्या क्षणी त्याचा तेलानं काळवंडलेला हात धरावासा वाटला. धरला नाही. स्टँड होतं ते.

त्याच आठवड्यात जळगावचं स्थळ आलं. मुलाचं स्वतःचं दुमजली घर. गावातला हरिनाम सप्ताह संपेपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. मी धीर करून नानांना, म्हणजे वडिलांना, वनाचं नाव सांगितलं.

"घर आहे त्याला?"

"नाही, नाना."

"मी सव्वीस वर्षांचा होतो हे घर बांधलं तेव्हा. पंचवीस रुपये पगारात! ही आजची पोरं चहात नि सिनेमात उडवतात."

वनाला घरी बोलावलं. तो पाटाच्या कडेला अंग चोरून बसला. "नाना, सिनेमा मी वर्षातून एकदा बघतो. तोही कुणी पास दिला तर."

"मग तुला सौदा करता येत नाही. उद्या सकाळी चल. जागा कशी घेतात ते दाखवतो."

छत्री धरायच्या निमित्तानं मीही गेले. रेल्वेच्या पलीकडे सोहनलालशेठचे प्लॉट होते. शेठ नानांचे जुने विद्यार्थी. वाकून पाया पडले. नानांनी कोटाची बटणं लावली, घसा खाकरला.

"बोल सोहन, या तुकड्याचे किती?"

"सहा हजार, मास्तर. तुमच्यासाठी पाच हजार नऊशे."

"अरे, मी तुला पाढे शिकवले!"

"त्याच पाढ्यांनी सांगतोय, मास्तर. जागा मलाच महाग पडलीय."

नाना शेजारच्या दगडावर बसले. वनाचा पगार विचारला — एकशे ऐंशी. मग बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला.

"तेहतीस महिने," ते पुटपुटले. "काही न खाता?"

"न खाता," वना हळूच म्हणाला. "आणि गावाकडे काही न पाठवता."

"मला चार महिन्यांचा पगार लागला होता रे…"

घरी येईपर्यंत नानांच्या बोटांवर तोच हिशेब चालू होता.

त्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. टाळ-मृदंगानं असा ठेका धरला होता, की बायकांच्या बाजूला मीसुद्धा माझी काळजी विसरले. बुवा थांबले, बुक्का लावत एकजण फिरू लागला. पहिल्या रांगेतले नाना उठले, मागे खांबाशी उभ्या वनाला हाताला धरून घेऊन आले आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. सगळ्या गावासमोर!

कीर्तन संपल्यावर ते वनाला घेऊन माझ्याकडे आले. डोळे ओले.

"इतकी वर्षं मी म्हणत आलो, घर मी बांधलं. अरे, जागा स्वस्त होती, वीट स्वस्त होती, देवानं मला बऱ्या दिवसांत कमावता केलं. त्याचे उपकार मानायचे सोडून मी या पोरावर मिजास केली. जळगावला मी नकाराचं पत्र टाकतो, मंदे. पण हो-नाही तुमचं तुम्ही बघा."

ते प्रसाद घ्यायला गेले. आम्ही दोघं चपलांच्या ढिगाशी उरलो.

"खोली दहा बाय दहाची आहे," वना ढिगात बघत म्हणाला. "भाड्याची. नळ मालकाच्या अंगणात. आणि घर कधी होईल… ते मी सांगू शकत नाही."

"हे सगळं मला कशाला सांगताय?"

"म्हणजे… नंतर तुम्ही म्हणू नये की…"

"मी काय म्हणते ते तरी ऐका. तुम्ही पहिल्यांदा शेंगा आणल्या, त्या दिवसापासून रोज देवापुढे तुमचं नाव घेते. मागायला नाही — तुम्ही भेटलात म्हणून. आता खोली दाखवा."

वनाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. घाईघाईनं पायात काहीतरी सरकवलं आणि चालायला लागला.

"जावईबापू," मागून नाना म्हणाले, "ती चप्पल माझी आहे."