वाघरीचं तोंड

बालाजीचा छंद असा होता, की तो कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघत बसायचा, आणि पुढची गोष्ट काही नसायचीच. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवरून तेरला जायचा, तेरणेच्या काठाला तिपाई मांडायचा, तिच्यावर मोबाईल लावायचा आणि तासभर बाजूला गप्प बसून राहायचा. पाणी वाहायचं. एखादी म्हैस यायची, डुंबायची, जायची. बोलणं नाही, गाणं नाही, माणसाचा चेहरा नाही. घरी आल्यावर तो ते संगणकावर बसून नीटनेटकं करायचा आणि ‘सावकाश’ नावाच्या आपल्या चॅनेलवर टाकायचा. कुठकुठली माणसं ते लावून झोपतात, यावर त्याच्या कचेरीतल्या कुणाचा विश्वास बसत नसे. नवऱ्याला काहीच न घडण्याचा नाद आहे हे आधी कळलं असतं तर जरा विचार केला असता, असं त्याची बायको दीपाली म्हणायची. पण तिच्या मुरुमच्या बहिणीला, मोनिकाला, तेच व्हिडिओ लावल्याशिवाय डोळा लागत नसे, त्यामुळे ही चेष्टा बेताचीच राही.

मेंढरांचा व्हिडिओ मात्र त्यानं चॅनेलसाठी काढला नव्हता. तो त्याच्या वडिलांसाठी होता.

हरिबांनी जन्मभर मेंढरं राखली. येरमाळ्याच्या आसपासचं एकेक माळरान त्यांच्या पायाखालचं. बालाजीची आई तो रांगत असतानाच गेली, आणि या माणसानं पोराला खांद्यावर टाकून कळपामागं हिंडत वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. यंदा त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बालाजीनं त्यांना धाराशिवच्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि पायऱ्या, संडास, हवा सगळ्याचा विचार करून बाहेरच्या खोलीतच दारासमोर पलंग टाकला. बोलणं हळूहळू परत आलं. झोप काही आली नाही. दिवस असो, रात्र असो, हरिबा छताकडं बघत पडलेले. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या आणि शेवटी बालाजीला बाजूला घेऊन सांगितलं, की हा माणूस असाच जागा राहिला तर दुसरा झटका येईल, आणि तो त्यांना सोसणार नाही. त्या दिवशी बालाजी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. हा बाप जाईल, ही कल्पनाच त्याला करता येत नव्हती.

म्हणून एका रविवारी दुपारी तो येरमाळ्याकडं निघाला. हरिबांचा कळप आता त्याचा चुलतभाऊ भागवत सांभाळत होता आणि खतासाठी एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवत होता. रानात वाघर लावलेली होती. वाघर म्हणजे खुंटांना बांधलेली दोरखंडाची जाळी; मेंढरं रात्री तिच्या आत बसतात. तिला एका बाजूला तोंड असतं. बालाजीनं त्या तोंडासमोर तिपाई रोवली. ऊन उतरलं तशी मेंढरं आली. धुळीचा लोट, खुरांची सरसर, मधूनच एखाद्या कोकराचं ओरडणं. एकेक मेंढरू मान खाली घालून तोंडातून आत जात राहिलं. सगळ्यात शेवटी भागवत आला, “सगळी आली” असं मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं तोंड बांधलं.

त्या संध्याकाळी टीव्हीवर ते लावलं, आणि हरिबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झालं. मेंढरं निम्मी आत जायच्या आधीच ते घोरायला लागले. दीपालीनं तोंडाला पदर लावला. बालाजी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पण व्हिडिओ तो, संपायचाच. संपला, खोलीत शांतता झाली, आणि हरिबांचे डोळे टक्क उघडले.

आता या कामात एक नेहमीची युक्ती असते. तोच तुकडा एकाला एक जोडायचा, म्हणजे पाऊण तासाचा व्हिडिओ रात्रभर चालतो. फक्त सांधा दिसू द्यायचा नाही. बालाजी त्यात वाकबगार होता. मेंढरं येण्याआधी चित्रभर धूळ होती, आणि कळप आत गेल्यावरही होती. त्यानं धुळीला धूळ जोडली. भागवतचं बोलणं आणि तोंड बांधणं काढून टाकलं, कारण त्याच्या व्हिडिओत माणूस नसतो, आवाज नसतो, हा त्याचा नेम. कळप आत जायचा, धूळ उठायची, धूळ बसली की वाघर पुन्हा रिकामी आणि कळप पुन्हा येताना. सांधा इतका बेमालूम झाला की त्यालाच सापडेना. खूश होऊन त्यानं तो व्हिडिओ चॅनेलवरही टाकला.

दोन-चार दिवस हरिबा झोपले. बालाजीला वाटलं, जिंकलो. मग एका सकाळी चहा घेऊन गेला तर ते जागे. टीव्हीकडं बघत होते, आणि डोळे सुजलेले.

“आण्णा, झोपला न्हाईत?”

“तोंड कोण बांधणार?” हरिबा म्हणाले.

बालाजीनं त्यांना समजावलं की हा नुसता व्हिडिओ आहे, मेंढरं तिकडं भागवतपाशी सुखरूप आहेत, ही सारखी सारखी तीच ती मेंढरं दिसतात. हरिबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना टीव्ही काय असतो हे कळत नव्हतं अशातला भाग नाही.

“मेंढरं तीच हायेत,” ते म्हणाले. “त्यांच्या मागनं येतंय त्ये तेच न्हाय.”

म्हातारा माणूस, त्यात लकव्यानं डोक्यावर परिणाम झालेला. बालाजीनं मनाची समजूत घातली. पण रविवारी दुपारी, लख्ख उन्हात, दीपाली समोर भाजी निवडत असताना, त्यानं संगणकावर तो व्हिडिओ उघडला. पहिली फेरी आणि अगदी शेवटची फेरी, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. एकच तुकडा तो. केसाचाही फरक असता कामा नये. पहिल्या फेरीत कळप आत जाऊन वाघरभर पसरत होता. शेवटच्या फेरीत तीच मेंढरं, तेवढीच, आत जाऊन एका कडेला दाटीवाटीनं उभी राहत होती. जाळी फुगली होती. उरलेली सगळी वाघर मोकळी होती, आणि तिकडं एकही मेंढरू तोंड करत नव्हतं.

त्यानं मधल्या फेऱ्या बघितल्या. दर फेरीला मोकळी जागा थोडी वाढत होती.

फाइल बिघडली असेल, असं तो म्हणाला. दीपालीनं वाकून बघितलं आणि म्हणाली की मोनिकाचा कालच फोन आला होता. मेंढरांच्या व्हिडिओनं झोप छान लागते म्हणत होती. फक्त सकाळी जाग येते तेव्हा आपण भिंतीला चिकटलेलो असतो आणि अंथरूण अर्धं रिकामं असतं, असं हसत हसत सांगत होती.

बालाजीनं त्याच मिनिटाला व्हिडिओ चॅनेलवरून काढला. टीव्हीवर लावायचाही बंद केला. त्यानं काही फायदा झाला नाही. हरिबा टीव्हीकडं बघायचे ते आता दाराकडं बघायला लागले. पापणी मिटेना. जेवण सुटलं. ओठाची उजवी कड पुन्हा खाली लोंबायला लागली, तेव्हा बालाजीचा धीर सुटला. पलंगाशी बसून त्यानं वडिलांचा चालता हात धरला आणि काय करू म्हणजे तुम्ही झोपाल, असं सरळ विचारलं.

हरिबांनी त्याला मेंढक्यांची रीत सांगितली. लहानपणी ती त्यानं पाहिली होती, पण कुणी बोलून दाखवली नव्हती. तोंड उघडं आहे तोवर वाघरीत जे येईल ते आपलं. दुसऱ्याच्या कळपातलं चुकार मेंढरू आलं तरी रात्रीपुरतं आपलं. त्याला हाकलायचं नाही, सकाळपर्यंत सांभाळायचं. म्हणून तर शेवटचं मेंढरू आत गेलं की मेंढक्या ‘सगळी आली’ म्हणतो आणि लगेच बांधतो.

“तू तोंड उघडंच ठिवलंस,” हरिबा म्हणाले. त्यात राग नव्हता.

बालाजीला वाटलं, एवढंच ना? तो कामाला लागला. काढून टाकलेला शेवट त्याच्याकडं होता. त्यानं तो व्हिडिओच्या टोकाला जोडला, आणि दिवेलागणीला पलंगाशेजारी बसून शेवटची फेरी लावली. मेंढरं आली. कडेला दाटली. धुळीतून भागवत आला, म्हणाला, “सगळी आली,” आणि त्यानं तोंड बांधलं. बालाजीनं वळून वडिलांकडं बघितलं. हरिबांचा चेहरा पांढरा पडला होता.

“पोरा... आता तू त्येला आतच बांधलंस की.”

दीपालीनं टीव्ही बंद केला. मग बालाजीनं दबक्या आवाजात विचारलं, की आत म्हणजे कुठं, वाघर तर टीव्हीत आहे.

“मेंढक्या तोंडाशी निजतो. तो जिथं निजल तिथं वाघर.” हरिबांनी डाव्या हातानं समोरचं दार दाखवलं. “म्या हितं निजलोय.”

मग त्यांनी सगळं हळूहळू, दम खात सांगितलं. आत आलंय ते सकाळी सोडावं लागेल. बाहेर पडेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं. सोडणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, आडवं जायचं नाही, आणि शेवटचं बाहेर पडलं की ‘सगळी गेली’ म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. हे मेंढक्याचं काम. पण मला उठता येत नाही, तू दार धर, मी बघतो आणि सांगतो. एकदा ती गेली की मी झोपणार बघ, असं म्हणून ते किंचित हसलेसुद्धा.

सकाळी उजाडल्यावर बालाजीनं दार उघडलं. खालच्या रस्त्यावरून एसटीचा आवाज आला, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. दार धरून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याला मनातून लाज वाटत होती. चाळिशीचा सरकारी नोकर, आणि उघड्या दाराशी कशाला उभा? काही दिसलं नाही. वाराही आला नाही. दीपाली आतल्या खोलीच्या उंबऱ्यात थांबली होती. तिनंही मान हलवली, काही नाही. थोडा वेळ जाऊ देऊन बालाजीनं दार लोटायला हात पुढं केला.

“लावू नगं,” हरिबा म्हणाले. “अजून निघतंय.”

तो थांबला. वडिलांचे डोळे दारावर होते आणि सावकाश हलत होते, आतून बाहेर, आतून बाहेर. ओठ पुटपुटत होते. चेहऱ्यावरचा ताण मात्र हळूहळू उतरत होता, हे बालाजीला स्पष्ट दिसलं आणि त्याच्या मनात आशा आली.

जिन्यावर पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे कल्याणप्पा दुधाची पिशवी घेऊन खालून येत होते. निवृत्त माणूस, बोलका. रोज दारात थांबून हरिबांची चौकशी करणारा. आज ते शेवटच्या वळणावर आले आणि थांबले. एक पाऊल बाजूला सरकले. मग भिंतीला पाठ टेकवून, दुधाची पिशवी छातीशी धरून उभे राहिले. अरुंद जिन्यात वरून कुणी उतरत असलं की माणूस वाट देतो, तसे.

“काका,” बालाजीनं हळूच हाक मारली.

कल्याणप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते पायऱ्यांकडं बघत होते, आणि त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं आपण का थांबलो ते.

“अजून निघतंय...” आतून हरिबांचा आवाज आला. तो जड झाला होता. “अजून... हाय...”

त्यानंतर आवाज आला नाही. दार न सोडता बालाजीनं मान वळवली. हरिबांचे डोळे मिटले होते. छाती संथपणे वर-खाली होत होती, आणि तोंडातून घोरणं येत होतं, खोल, भरपूर, त्याच्या लहानपणी रानात ऐकू यायचं अगदी तसंच. दीपाली पलंगाशी जाऊन बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. झोपले हो, असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

पण ‘सगळी गेली’ असं ते म्हणाले नव्हते.

त्यांना उठवून विचारावं, तर ही झोप किती दिवसांनी आलेली. बालाजीनं दार तसंच धरून ठेवलं. ऊन जिन्यात आलं. खालच्या मजल्यावरची मुलं शाळेला निघाल्याचा गलका झाला आणि विरला. कल्याणप्पा अजून भिंतीला चिकटूनच उभे होते, आणि त्यांनी आता पायही आत ओढून घेतले होते.