वर्षातून किती रात्री

गार फ्रीझरमध्ये होती. पावाच्या पिशवीत गुंडाळलेली, मटाराच्या पाकिटाशेजारी.

"पुरावा," लेलंड म्हणाला आणि त्याने ती सिग्नेच्या तळहातावर ठेवली.

सिग्नेने खिशातून माप काढलं. पावणेदोन इंच. विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून तिला सहा वर्षं झाली होती. ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत गारपीट झाली की लोक तिच्यासाठी गारा जपून ठेवतात, हे तिला सवयीचं होतं. कस्टर गावाबाहेरच्या या कॅम्पग्राउंडवर आज तिला नऊ कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाड्या, तपासायच्या होत्या. लेलंडचा यादीत शेवटचा. पण आभाळ पुन्हा फुटलं, आणि जवळचं दार म्हणून ती धावत त्याच्याच दारात शिरली होती.

"एवढी गार माणसाच्या डोक्यात पडली तर?"

"तर मी येत नाही. माझ्याकडे फक्त गाड्या."

तो हसला. छपरातून गळणारं पाणी बादलीत टपटपत राहिलं.

सर ओसरल्यावर ती छपरावर चढली. प्रत्येक खड्ड्याभोवती खडूने गोल काढू लागली. तो खाली शिडी धरून उभा होता.

"लेलंड, शिडीकडे बघ, बाईंकडे नको!" शेजारच्या कॅम्परमधून म्हाताऱ्या बर्नडीनने हाक दिली. "त्या पडल्या तर त्याचा विमा कोण देणार?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सिग्ने खाली उतरली तेव्हा तो हळूच म्हणाला, "नाकाला... खडू लागलाय तुमच्या."

तिने पुसलं.

"तिकडे नाही... इकडे—" त्याचा हात उचलला गेला, आणि परत शिडीवर गेला.

आता कागद भरायचे होते. ती आतल्या छोट्या टेबलाशी बसली. खिडकीत जिरेनियमची कुंडी होती. दारामागे बर्फ उपसायचं फावडं. भिंतीला चर्चच्या ऑर्गनच्या नळ्या टेकवलेल्या. गावोगावच्या चर्चमधले ऑर्गन सुरात लावणं हे त्याचं काम. पॉलिसी मात्र सहलीच्या गाडीची होती. वर्षाला जास्तीत जास्त दीडशे रात्री. गाडीतच राहणाऱ्यांची पॉलिसी वेगळी असते, घरासारखी. फावडं पाहिल्यापासून पुढचा प्रश्न तिला नकोसा झाला होता.

"वर्षातून किती रात्री इथे झोपता?"

त्याने जिरेनियमचं एक वाळलेलं पान खुडलं.

"मी काही सुचवू शकत नाही," ती म्हणाली.

"सुचवू नका." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "बहिणीचं घर आहे यांक्टनला. टपाल तिथे येतं. इथे सगळे तसंच करतात... पत्ता एकीकडे, उशी दुसरीकडे. पत्ता असला म्हणजे घर आहे, असंच मी धरून चाललो. गाडी बाबांची. ते सुट्टीत यायचे. ते गेल्यावर मी फक्त नाव बदललं. बाकीचं वाचलंच नाही."

"म्हणजे किती रात्री?"

"सगळ्या."

तिने पेन उचललं नाही. "हे लिहिलं तर कदाचित छपराची भरपाई मिळणार नाही. आणि तुम्हाला दुसरं घर नाही."

"माहीत आहे. शंभर सांगता आलं असतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण तुमच्याशी पहिल्याच दिवशी खोटं... नको वाटलं."

तिने 'सगळ्या' असं लिहिलं. इतक्या वर्षांत तिचं अक्षर पहिल्यांदाच ओळीखाली घसरलं.

घरी तिने अहवाल तीनदा लिहिला. तीनही वेळा शब्द त्याच्या बाजूला झुकले. तराजूत आपलाच अंगठा दिसल्यावर पुढे मोजायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

रविवारी ती पुन्हा आली. लेलंड छपरावर ताडपत्री बांधत होता. तिच्या रिकाम्या हातांकडे पाहून तो खाली उतरला.

"फाईल कुठाय?"

"हॅरोल्डकडे, आमचा दुसरा सर्व्हेअर. मी सोडली."

त्याचा चेहरा उतरला. "इतकं वाईट आहे प्रकरण?"

"प्रकरण वाईट नाही. हप्त्यातला फरक भरून घेऊन ते छप्पर देतील, किंवा काहीच देणार नाहीत. दोन्ही होऊ शकतं. हॅरोल्ड कडक आहे, पण न्यायी आहे."

"मग सोडली का?"

"कारण लिहावं लागतं फॉर्मवर." तिने ताडपत्रीच्या दोरीकडे पाहिलं. "मी लिहिलं... या माणसाच्या बाबतीत मी निःपक्ष राहू शकत नाही."

लेलंडने एक हात शिडीवर टेकवला.

"हे... ऑफिसात वाचलं लोकांनी?"

"तिघांनी. सह्याही केल्या."

"लेलंड!" बर्नडीनचा आवाज आला. "ताडपत्री उडतेय रे!"

त्याने तिकडे पाहिलंही नाही. "आणि छप्पर नाहीच मिळालं तर, सिग्ने?"

"तर ताडपत्रीचं दुसरं टोक मी धरेन."

त्याचा हात उचलला गेला, तिच्या नाकापाशी आला.

"खडू लागलाय?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. या वेळी हात परत गेला नाही.