कळंब्याच्या वाटेवरची फियाट

सरकारी दवाखान्याच्या दारात फौजदार अमीन मुजावर वाट बघत उभे होते. गुंडू गवळ्यानं सायकल हाणत चौकीत येऊन वर्दी दिली होती. कळंबा तलावाच्या वाटेवर पहाटे कुणीतरी माणूस उडवून पळालं होतं, आणि जखमीला हेर्लेकर मास्तरांनी आपल्या गाडीतून दवाखान्याकडे नेलं होतं.

पण गाडीचा पत्ता नव्हता.

मास्तरांची फियाट आली तेव्हा लाकूडवखारीचा मालक आकाराम सासने मागच्या सीटवर मरून पडला होता.

“वाटेतच गेला,” नृसिंह हेर्लेकर म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक. सदऱ्यावर रक्त, आवाज मात्र स्थिर.

“बंपर कशानं चेपला?”

“घाईत फाटकाच्या खांबाला ठोकला. माणूस मरत होता, फौजदारसाहेब.”

मास्तर, गुंडू आणि हवालदार केरबा यांना घेऊन अमीन मास्तरांच्या घरी गेले. खांबाचा गिलावा खरंच उडाला होता. पडवीत एका शाळकरी मुलीचा हार घातलेला फोटो होता.

“मुलगी?”

“पद्मजा. ट्रकखाली गेली.”

शेजारच्या चिमणाबाई कुंपणापाशी येऊन थांबल्या होत्या.

“देवमाणूस हो मास्तर! एरवी रोज सकाळी गाडी निस्ती घुरघुरत ठेवत्यात. इंजिन तापल्याबिगर चाक हलवायचं न्हाईत. आमची झोपमोड हुती म्हणून भांडलोय बी. आज गुंड्याच्या बोंबेनं जाग आली, तर गाडी चालू केली आन् सुसाट गेली की!”

अमीन गुंडूकडे वळले. तो अजून कुडकुडत होता.

“तू हाक मारलीस, मग?”

“मास्तर लगीच भाईर आलं. माणूस जित्ता हाय म्हटल्यावर त्यांचं त्वांडच उतरलं. घोंगडं आणाय आत गेलं. मी हितंच अंधारात हुबा, बॉनेटवर हात शेकीत. हातात जीवच नव्हता, सायेब.”

“गाडी चालू होती?”

“न्हाय की. मास्तर आलं, मग चालू केली. एका दमात.”

“सासनेला दोघांनी उचललं?”

“व्हय. मी सायकलीनं मागनं गेलो. बेसुद हुता. मास्तर म्हणालं, तू चौकीवर जा, मी ह्याला नेतो.”

केरबा अमीनच्या कानाशी लागला. “सायेब, त्या पोरीवर ट्रक घातलेला ह्या सासन्यानंच. पिऊन चालवत हुता. साक्षीदार फुटलं, सुटला.”

अमीन पडवीत मास्तरांसमोर बसले.

“मास्तर, पहाटे तुम्ही कुठं गेला होता?”

“कुठंच नाही. गुंडू आला तेव्हा उठलो.”

“मग रात्रभर उभ्या गाडीच्या बॉनेटवर गुंडूनं हात कसे शेकले?”

मास्तरांची नजर गाडीकडे गेली.

“माणूस मरत असताना इंजिन तापवत कोण बसेल, असं चिमणाबाईंना वाटलं. मलाही वाटलं असतं. पण थंडीत जुनी फियाट चोक ओढल्याशिवाय धड उठत नाही, वाटेत आचके देते. तुमची एका दमात उठली आणि सुसाट गेली. कारण ती नुकतीच पळून आली होती. सासनेला ठोकून तुम्ही घरी आलात. तो जिवंत राहील असं वाटलं नव्हतं. मग गुंडू आला. तेव्हा तुम्ही सगळंच झाकायचं ठरवलंत. रक्ताला कारण मिळालं. चेपलेल्या बंपरसाठी जाताना खांब ठोकलात.” अमीन पुढं झुकले. “एकच विचारायचंय. सायकलवरचा गुंडू चौकीत पोचला, मी दवाखान्यात पोचलो, तरी तुमची गाडी आली नव्हती. मधे कुठं होता?”

दारात माई येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं नाही.

“वाटेत तो शुद्धीवर आला. मी उसाच्या फडाआड गाडी घेतली. पाणी मागत होता. बाटली होती माझ्याजवळ. दिलं नाही.”

“का?”

“त्याला कळायला हवं होतं कोण मारतंय ते. म्हटलं, मी पद्मजाचा बाप. तर माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, कोण पद्मजा?”

माईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

“तीनतीनदा सांगितलं त्याला,” मास्तरांचा आवाज आता फुटला. “गल्ली सांगितली, शाळा सांगितली, त्या दिवशीचा तिचा निळा परकर सांगितला. आठवलं नाही हो त्याला. तसाच मेला.”